भारताची पांढरी टाचणी

मी एक जुना जगाचा नकाशा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. माझ्यावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हणजे कुठेतरी खोटं बोलावंच लागतं. स्वतः खोटं बोलणारा दुसऱ्यावर लवकर संशय घेतो. माझंही तसंच झालं.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात १९७५ साली झाला. पाठीला कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या लावल्या आणि मला बाभुळगावच्या एका शाळेत पाठवलं. तिथे दुसऱ्याच पावसाळ्यात छत गळलं आणि पॅसिफिक महासागरावर चहासारखा डाग पडला. हेडमास्तरांनी मला खराब ठरवलं. त्याच आठवड्यात शाळेचा लाऊडस्पीकर दुरुस्त करायला यवतमाळहून मोहिउद्दीन मिस्त्री आले होते. जाताना त्यांनी मला मागून घेतलं.

मोहिउद्दीन मिस्त्रींचं यवतमाळमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला रेडिओ ते लगेच परत देत नसत. संध्याकाळी त्यावर दूरदूरची स्टेशनं लावून बघत. मॉस्को नीट लागलं, लंडन नीट लागलं, की मगच रेडिओ बरा झाला असं ठरे. ही शहरं नेमकी कुठे आहेत हे बघायला त्यांना मी हवा होतो. त्यांनी मला प्लायवूडवर ताणून भिंतीला लावलं.

१९७८ च्या मार्च महिन्यात मॉस्कोने सांगितलं की आमच्या यानातून चेकोस्लोव्हाकियाचा एक माणूस अंतराळात गेला आहे. तोवर वर जाणारे फक्त दोनच देशांचे होते, रशियाचे किंवा अमेरिकेचे. तिसऱ्या देशाचा हा पहिला. मिस्त्रींनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मग समोर बसलेल्या मित्राला म्हणाले, "भगवानराव, हे लोक दुसऱ्याले काहून नेऊन राह्यले?"

भगवानराव यवतमाळजवळच्या लोहारा गावचे. कापूस आणि तूर पिकवायचे आणि सायकलवर रेडिओ बांधून आठवड्यातून दोनदा दुकानात यायचे. रेडिओ बिघडलेला असेच असं नाही.

"दोस्त हाय त्याहिचा, म्हणून नेलं," भगवानराव म्हणाले.

"दोस्त कायले म्हणता. दहा वर्सांआधी याहिनंच त्याच्या घरात रणगाडे घातले होते."

"मंग खोटं असन."

"खोटं आहे का खरं, ते दुसऱ्याले विचारू."

त्या दिवसापासून दुकानात एक रीत पडली. मॉस्कोची बातमी मिस्त्री ऐकत, लंडनची भगवानराव आपल्या घरी ऐकत. दोघांनी वेगवेगळं ऐकलं आणि दोन्ही जुळलं, तरच टाचणी. ज्याने दुसरी खबर आणली त्याने ती टोचायची. टाचणीला इवलीशी चिठ्ठी, चिठ्ठीवर देशाचं नाव आणि साल. जो देश स्वतःच्या गाडीतून गेला त्याची टाचणी लाल, जो दुसऱ्याच्या गाडीतून गेला त्याची पांढरी. यानाला दोघेही गाडीच म्हणत.

लाल दोनच होत्या. पांढऱ्या भराभर वाढल्या. पोलंड, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, हंगेरी, व्हिएतनाम, क्युबा, मंगोलिया. रशियाने आपल्या गोटातल्या एकेकाला आठवडाभर वर फिरवून आणलं. मग अमेरिकेनेही पाहुणे न्यायला सुरुवात केली. पश्चिम जर्मनीचा गेला, कॅनडाचा गेला, सौदीचा एक राजपुत्र गेला. प्रत्येक टाचणीच्या वेळी मिस्त्री तोच प्रश्न विचारत, नेणाऱ्याला यातून काय मिळालं? मला त्यांचा हा स्वभाव फार आवडे.

एप्रिल १९८४ मध्ये आपला माणूस गेला. भगवानराव उन्हात सायकल मारत आले, घामाने भिजलेले. "लंडननं सांगतलं," एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला. मिस्त्रींनी पांढरी टाचणी दिली.

"आपल्या मानसाले पांढरी?"

"गाडी कोनाची होती?"

"त्याहिची."

"मंग?"

"तू ना लय खवट माणूस हायेस, मोहिउद्दीन. आजच्या दिवस तरी लाल दे."

"लाल ठेवली आहे वेगळी. आपली गाडी जाईन तवा तूच लाव."

भगवानराव कुरकुरले, पण टाचणी त्यांनी अगदी हळू टोचली. विदर्भाच्या जवळच टोचली. मला जवळजवळ कळलंही नाही.

मित्रांनो, पुढे माझी फजिती सुरू झाली. ज्या देशांनी माणसं वर पाठवली तेच देश खालून नाहीसे होऊ लागले. दोन जर्मनींची एक झाली आणि एका देशात दोन टाचण्या आल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत देश मोडला तेव्हा त्याचा एक माणूस वरच होता. मिस्त्री कितीतरी वेळ माझ्यासमोर उभे होते. "हा आता उतरन तं कोनत्या देशात?" ते म्हणाले. त्यांनी माझ्या रेषा मात्र खोडल्या नाहीत.

२००३ मध्ये चीन स्वतःच्या गाडीतून गेला. तिसरी लाल टाचणी लागली. आणि २००६ मध्ये एका दुपारी एक हवालदार दुकानात आले.

ते नीट बोलले, चहाही घेतला. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते. "मिस्त्री, हे अफगाणिस्तानात टाचणी कायची?"

मिस्त्रींनी सांगितलं. १९८८. रशियाचं सैन्य तिथून परत निघालं होतं, त्याच उन्हाळ्यात त्यांनी तिथल्या एकाला वर नेलं.

"आन हे सिरिया?"

"सत्त्याऐंशी. तेही रशियानंच नेले."

"सौदी?"

"ते अमेरिकेनं."

हवालदारांनी तिन्ही नावं डायरीत लिहिली. व्हिएतनाम लिहिलं नाही, कॅनडा लिहिलं नाही, मंगोलिया लिहिलं नाही. माझ्यावर तीसच्या वर टाचण्या होत्या. "कोनीतरी बोललं म्हणून याव लागलं," ते उठताना म्हणाले. "गरज पडली तं नकाशा न्याव लागन."

ते गेल्यावर मिस्त्रींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. माझ्यासमोर आले आणि सगळ्यात आधी भारताची टाचणी काढून खिशात ठेवली. मग बाकीच्या एकेक काढून सोल्डर पेस्टच्या रिकाम्या डबीत भरल्या. मला गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि घरी कपाटामागे उभं केलं. कोणीही मला न्यायला आलं नाही. पण मिस्त्रींनीही मला परत लावलं नाही.

अंधारात मला विचार करायला एकोणीस वर्षं मिळाली. भारताचीच टाचणी वेगळी का काढली? अपमान झाला म्हणून? ज्या देशात आपल्याला असं विचारलं जातं त्याची टाचणी नको, असं त्यांना वाटलं का? मी संशयी आहे हे सांगितलंच आहे. मी त्यांच्यावरही संशय घेतला. अधूनमधून ते कपाटामागे हात घालत आणि माझ्या पाठीवर पेन्सिलने काहीतरी लिहीत. मला नुसत्या गुदगुल्या कळत. अक्षरं कळत नसत.

या वर्षी फेब्रुवारीत मोहिउद्दीन मिस्त्री गेले.

त्यांची मुलगी गझाला बाभुळगावच्या शाळेत शिकवते. हवालदार आले तेव्हा ती अमरावतीला कॉलेजात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर आवरताना तिने मला बाहेर काढलं आणि जमिनीवर पसरलं. आधी पाठ वर आली. पेन्सिलने लिहिलेलं तिने वाचलं: स्वीडन, मलेशिया, दक्षिण कोरिया, अमिरात. म्हणजे ते ऐकत राहिले होते. सगळ्यात खाली, अलीकडच्या वाकड्या अक्षरांत: "भारत, पुन्हा" आणि पुढे मोकळी जागा. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं नाही. नुसती बघत बसली.

मग तिने कपाटामागेच सापडलेली डबी उघडून चिठ्ठ्या वाचत एकेक टाचणी आपापल्या छिद्रात लावली. सगळ्या जुळल्या. भारताचं छिद्र तेवढं रिकामं राहिलं. डबीत एक लाल टाचणी उरली होती, चिठ्ठी नसलेली.

तिचा धाकटा भाऊ अब्रार दारातून बघत होता. "आपा, इसे जला दो," तो म्हणाला. "शाळेत लावशील आणि कोणीतरी फोटो काढेल. साऱ्या जगात टाचण्या आणि भारतात नाही. ते काय म्हणतील?"

"आपण सांगू ना."

"काय सांगशील? अब्बांनी का काढली ते तुला तरी माहीत आहे का?"

तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मला माझाच एकोणीस वर्षांचा संशय दिसला. ज्या माणसाला आपण ओळखत होतो तो खरंच तसा होता का, हा तो संशय. आणि आता विचारायचं कोणाला? मला खूप सांगावंसं वाटलं, पण मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. तिने मला जाळलं नाही, लावलंही नाही. पलंगाखाली सरकवलं.

जूनच्या शेवटी आपला माणूस पुन्हा वर गेला, अमेरिकेच्या एका खासगी कंपनीच्या यानातून. त्याच्यासोबत पोलंडचा आणि हंगेरीचा एकेक जण होता. तिन्ही देश एकदा रशियाच्या गाडीत बसून आले होते, आता तिघे मिळून दुसऱ्याच्या गाडीत निघाले. मिस्त्री असते तर यावर त्यांनी आठवडाभर प्रश्न विचारले असते.

जुलैत एका संध्याकाळी भगवानराव आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, हातात काठी. गझालाने मला पलंगाखालून काढलं आणि सरळ विचारलं, "काका, अब्बांनी भारताची टाचणी का काढली?"

भगवानरावांनी कोपरीच्या खिशातून एक आगपेटी काढली. आत कापूस, कापसात पांढरी टाचणी. चिठ्ठी पिवळी पडली होती: भारत, १९८४.

"त्याच सांजी माया घरी आला होता," ते म्हणाले. "म्हणे, नकाशा नेला तं नेऊ दे, बाकीचं जग परत टोचू. हे नाई जाले पायजे. तुया घरी कोनी विचाराले येत नाई, तू ठेव."

गझालाने पिवळी चिठ्ठी पुन्हा वाचली.

"एकोणीस वर्षं ठेवली?" तिने विचारलं. "सांगायचं तरी."

"कसं सांगू बाई. ते मायामुळंच झालं." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "स्टँडच्या कँटीनवर मी गंमत करून राह्यलो होतो. आमचा मोहिउद्दीन अफगाणिस्तान टोचते, सिरिया टोचते, आता कोनाचा नंबर लागते पाहा, असं. सारे हासले. कोनी एक नसन हासला."

"अब्बांना माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी सांगतलं त्याले. तो म्हणे, एकाच मानसाचं ऐकून आले ते. दुसरी खबर घेतलीच नाई." भगवानराव खाली बघत म्हणाले. "मले शिवी देली असती तं बरं झालं असतं."

गझालाने आगपेटी त्यांच्यापुढे सरकवली. मग भगवानरावांनी टाचणी उचलली. "टीव्हीवर पाह्यलं मी, आपला गेला म्हणून. पन हे एकच खबर झाली. दुसरी कोन देईन?"

"मी देते," गझाला म्हणाली. "परवा सायंकाळी गच्चीवरून बघितलं. ते वर ज्याच्यात राहतात ते स्थानक यवतमाळवरून गेलं. ढग होते, पण दोन मिनिटं दिसलं. ताऱ्यासारखं, लुकलुकत नव्हतं."

"तेच होतं कायवरून? विमान असन."

"वेळ आधी लिहून ठेवली होती, काका. त्याच मिनिटाला, त्याच बाजूने आलं."

भगवानराव हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "बापाचीच पोरगी. मंग दुसरी खबर तुही. टोच."

तिने चिठ्ठीवर १९८४ च्या खाली २०२५ लिहिलं. जुनं छिद्र सैल झालं होतं, टाचणी राहीना. तिने ती शेजारीच टोचली. भगवानरावांच्या हाताइतकी हळू नाही, पण घट्ट.

मित्रांनो, आता मी बाभुळगावला, माझ्या जुन्या गावी, गझालाबाईंच्या वर्गात आहे. माझ्या रेषा चुकीच्या आहेत, तुमचं बोटही त्यावरून चुकीचंच फिरतं. डबीतली लाल टाचणी टेबलाच्या खणात वाट पाहते आहे. कधीतरी आपली स्वतःची गाडी निघेल आणि तुमच्यापैकी कोणीतरी दुसरी खबर आणेल. मला ऊन लागू देऊ नका आणि पावसापासून जपा, पॅसिफिकवर एक डाग पुरे आहे. आणि एवढं माझं ऐका. संशय जरूर घ्या, मीही घेतो. माझ्यावर घ्या, रेडिओवर घ्या, वर नेणाऱ्यावर घ्या. पण माणसाबद्दल एकच खबर हाती असेल, तर टाचणी अजून डबीतच असू द्या.