एक मैल जास्त

"बाबा, निदान बूट तरी घाला. लोक बघतायत."

श्रावणी हे म्हणाली तेव्हा तिचे वडील, मुरलीधर, शेजारच्या डेक्लनच्या जुन्या हिरव्या स्पोर्ट्स कारमध्ये डॅशबोर्डखाली उताणे शिरले होते. मोज्यातले पाय तेवढे दाराबाहेर. बूट गाडीशेजारी जोडीने उभे. गिऱ्हाइकाच्या गाडीत पादत्राणं घालून चढायचं नाही, ही नाना पेठेतल्या त्यांच्या दुकानाची शिस्त. चाळीस वर्षं तिथे मीटर दुरुस्त केलेला माणूस डब्लिनजवळच्या टॅलाला आला म्हणून ती सोडतोय थोडाच.

लेकीकडे येऊन दीड महिना झाला होता आणि करमत नव्हतं. डेक्लनचा डॅशबोर्ड तडकलाय, तो बदलायचा तर आधी सगळे मीटर काढायला हवेत, हे कळलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी हजर. आधी बॅटरीची वायर सोडवली. श्रावणीच्या मफिनच्या ट्रेमध्ये नट निघतील त्या क्रमाने ठेवले. वायरींना शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे बांधले. मग हात मागे घालून एकेक मीटर सैल करायचा आणि पुढून असा अलगद घ्यायचा, जसं झोपलेलं बाळ कुशीतून उचलावं.

स्पीडोमीटर घेऊन ते घरी आले. दुकानात हातात आलेला मीटर ड्रिलला जोडून फिरवून बघितल्याशिवाय खाली ठेवायची पद्धत नव्हती. इथेही हात आपोआप जावयाच्या ड्रिलकडे गेला. काटा साठवर जाऊन निवांत थरथरला आणि मुरलीधर लहान मुलासारखे हसले. मिनिटभराने खालचा मैलांचा शेवटचा आकडा टकन पुढे सरकला.

श्रावणी दारातच थांबली. डेक्लनची बायको मॉरा दोन वर्षांपूर्वी गेली. गाडी तिची. तिने शेवटची चालवली तेव्हाचा आकडा हलू नये म्हणून डेक्लनने त्यानंतर किल्ली लावली नव्हती. हे सगळं बाबांना सांगून, "मला वाटलं, नुसते काढायचेच तर आहेत, म्हणून आधी बोलले नाही," ती पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "ड्रिल उलटं फिरवा ना, बाबा. येईल मागे. त्याला कळणारपण नाही."

"चाळीस वर्षं गिऱ्हाईकं हेच सांगायची," मुरलीधर म्हणाले. "एकदाही फिरवला नाही. चल, तू बोल, मी उभा राहतो."

डेक्लनने सगळं ऐकून घेतलं. मीटर हातात घेऊन काचेवरून अंगठा फिरवला. मग तो काहीतरी म्हणाला आणि श्रावणीला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी.

"विचारतोय, कुठवर नेलीत तिला?"

मुरलीधरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सांग त्याला, नाना पेठेपर्यंत."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. "तिला गर्दी आवडायची."

पंधरा दिवसांनी नव्या डॅशबोर्डात सगळे मीटर बसले. दोरे सुटले, मफिनचा ट्रे रिकामा झाला. डेक्लनने किल्ली लावली, काटे एकेक करून जागे झाले. त्याने वाकून डावीकडचं दार आतून उघडलं आणि मुरलीधरांना मानेनेच खूण केली.

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा श्रावणीचं लक्ष खाली गेलं. डेक्लनच्या फाटकाशी बुटांचा जोड तसाच उभा होता, तोंड रस्त्याकडे करून.