नऊ वाजता सगळे उतार खुले

"हा खांब इथून हलवायचा." लिंडेकाम्प पडद्यावरच्या फोटोवर लाल ठिपका नाचवत म्हणाला. "हे जे काही आहे ते."

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

खोलीत आम्ही पाच जण होतो. तिघांनी एकदम आपापल्या कॉफीत डोकं घातलं, कारण ते गावातले होते आणि त्यांना माहीत होतं. लिंडेकाम्प हॅम्बर्गहून सहा महिन्यांपूर्वी, स्कीइंगच्या पाहुण्यांना डोंगरावर नेणाऱ्या आमच्या लिफ्ट कंपनीच्या जाहिरात खात्याचा प्रमुख म्हणून आला होता. त्याच्या मुलखात टेकडी म्हणतात ती सायकलवरून न उतरता चढता येते.

"अरेरे, बुर्गी, मला फार वाईट वाटलं," त्यानं डावा हात छातीवर ठेवला. उजव्या हातातला लाल ठिपका तसाच वेन्डलच्या खांबावर होता. आल्या आल्या त्यानं हुकूम काढला होता की ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं, म्हणजे घरच्यासारखं वाटतं. मी त्याला अहो-जाहोच करत होते. रागात मला ते सोपं जातं.

आमच्याकडे डोंगरात माणूस ज्या जागी मरतो तिथं घरचे लोक खांब रोवतात. वर छोटंसं छप्पर, छपराखाली रंगवलेली पाटी. कोण, कधी, कसा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक प्रार्थना म्हणावी एवढी विनंती. वेन्डलचा खांब लिफ्टच्या वरच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि नेमकी तिथंच लिंडेकाम्पला तीन मीटर उंच लाकडी चौकट उभी करायची होती. पाहुण्यांनी चौकटीत उभं राहायचं, मागं शिखर, खाली गावाचं नाव, आणि फोटो जगभर पाठवायचा. शेजारच्या खोऱ्यात प्रत्येक गावानं अशी चौकट लावली आहे. आपण तेवढे मागासलेले राहिलो, असं त्याचं म्हणणं.

"शिखर तिथूनच मधोमध येतं," तो म्हणाला. "आणि लोक हसत उभे, शेजारी मेल्याची पाटी, हे तूच सांग कसं दिसेल? खांबाला आपण छान नवी जागा देऊ. जमीन तुझ्या वहिनीची आहे ना? या कागदावर तिची सही हवी. तू घरचीच आहेस. तुझं ती ऐकेल."

नणंदेचं भावजय ऐकते, हा शोध यानं कुठं लावला कोण जाणे. त्याच्या तोंडावर कागद फेकावा असं वाटत होतं. मी तो घडी करून खिशात घातला.

खरं सांगायचं तर माझ्या रागाचा एक पाय लंगडा होता. चोवीस वर्षं मी या खात्यात आहे. दर हिवाळ्यात गावाची रंगीत पुस्तिका निघते, त्यात शिखराचा तो फोटो असतोच, आणि वेन्डल गेल्यापासून दर हिवाळ्यात मीच त्याची डावी कड, खांब येतो तेवढी, दोन बोटं कापत आले. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना कशाला, असं मीच स्वतःला सांगायची. लिंडेकाम्पनं फक्त कात्रीऐवजी फावडं मागितलं होतं.

माझ्या भावजयीचं, अफ्राचं, घर वरच्या वाडीत आहे. ऑक्टोबर होता, उतार अजून हिरवे होते. चढताना मला वेन्डलचा शेवटचा दिवस आठवत राहिला, म्हणजे त्यातला जो भाग मी एकोणीस वर्षांत कुणाला सांगितला नव्हता तो.

सकाळची बर्फाची बातमी माझ्याकडे असे. सहाच्या ठोक्याला खोऱ्याच्या रेडिओवर फोन लावायचा आणि किती बर्फ पडला, कोणते उतार किती वाजता उघडणार ते सांगायचं. हसत सांगायचं, हसू फोनवर ऐकू येतं असं मला शिकवलेलं. पण उतार उघडायचे की नाही हे ठरवणार सुरुंगवाले, आणि वेन्डल त्यांचा म्होरक्या. ते पहाटे वर जाऊन सुरुंग लावतात, सैल बर्फ आधीच खाली पाडतात, आणि त्यांचा होकार सात-साडेसातच्या आत कधीच येत नाही. मग सहाची बातमी कशाच्या जोरावर? डायरेक्टरच्या. आधी वेळ जाहीर करायची आणि मग डोंगराला त्या वेळेत बसवायचं, अशी आमच्या धंद्याची रीत होती. बहुतेक दिवशी डोंगर बसायचाही.

त्या जानेवारीत रात्रभर वारा सुटला होता. आदल्या संध्याकाळी डायरेक्टर गाम्पर म्हणाला, "नऊ लिही. हॉलंडच्या बसगाड्या येतायत." मी म्हटलं, "वेन्डलच्या लोकांना विचारू का?" तो म्हणाला, "त्यांचं ते बघतील." मी विचारलं नाही. सकाळी सहाला हसत सांगितलं, "नऊ वाजता सगळे उतार खुले!" पावणेआठला बर्फाचा कडा सुटला. वेन्डल पुढं होता. मागचे दोघं वाचले.

अफ्रा स्वयंपाकघरात कोबी किसून मीठ लावत होती. हिवाळ्याचं पिंप अर्धं भरलं होतं.

"जोडे काढ आधी," ती म्हणाली. "आणि बोल काय हवंय ते. सहज येतेस ती ईस्टरला. ऑक्टोबरात आलीस म्हणजे कंपनीनं पाठवलं."

मी कागद पुढं केला. तिनं मिठाचे हात न पुसता दुरूनच वाचला.

"नवी जागा कुठं?"

"खालच्या स्टेशनामागं."

"कचऱ्याच्या पेट्यांपाशी?"

"पेट्या हलवणार आहेत."

"अगंबाई! वेन्डलसाठी पेट्या हलवणार? केवढा मान! बँडही लावा म्हणावं."

"मलाही संताप आलाय, अफ्रा. मी त्याला सांगितलं—"

"काय सांगितलंस?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं.

"संताप आला आणि कागद घेऊन चढून आलीस. तुझा संताप मोठा आज्ञाधारक आहे." तिनं मूठभर कोबी पिंपात दाबला. "पाटीवर काय लिहिलंय, म्हण बघू. पाठ असेल ना."

"वेन्डेलिन टाश्लर, वय एकतीस, यास चौदा जानेवारी रोजी इथं बर्फानं नेलं—"

"बर्फानं?"

तिचे हात थांबले.

"रेडिओ या फळीवर होता," ती म्हणाली. "तू बसलीयस तिथं तो बसला होता. आदल्या रात्री मला म्हणाला होता, वारा पडेपर्यंत वर जायचं नाही, दहाच्या आत तर नाहीच. आरामात दूध-पाव खात होता. मग तू बोललीस. काय खुशीत बोललीस! त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, 'झालं, बुर्गीनं सांगून टाकलं. आता नऊला नाही उघडलं तर सगळे तिलाच धरतील.' आणि बूट घातले."

मला वाटत होतं की हे फक्त मला आणि गाम्परला माहीत आहे. पण मला माहीत होतं त्याहून हे कितीतरी वाईट होतं. तो बसगाड्यांसाठी गेला नव्हता, गाम्परसाठी नाही. माझ्यावर कुणी ओरडू नये म्हणून गेला. लहानपणापासून हेच करायचा गाढव. मी फोडलेली बशी स्वतःच्या नावावर घ्यायचा.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. तिच्यावर ओरडायचा मला काय हक्क होता?

"तू बोलशील म्हणून थांबले." तीही आता ओरडत होती. "रोज बोलतेस की! सगळ्या खोऱ्याला सांगतेस किती सेंटिमीटर पडला. मी रोज सकाळी रेडिओ लावते, म्हटलं कधीतरी सांगेल. एकोणीस वर्षं, बुर्गी! वर्षातून एकदा फुलं घेऊन येतेस, 'बर्फानं नेलं' त्याच्यापुढं उभी राहतेस, रडतेस, जातेस. मला ती फुलं ओढ्यात टाकावीशी वाटायची."

"टाकायची होतीस."

"दोनदा टाकली."

मग तिनं कधी नव्हे ते हात पुसले, पेन घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून खाली सही केली.

"लावू दे चौकट. गायी त्या अंगाला जात नाहीत. पण खांब आहे तिथंच राहील, आणि पाटी नवी. मजकूर तू लिहायचा. लिहिणारी बाई ना तू? लिही."

लिंडेकाम्प सही बघून उठूनच उभा राहिला. कोपऱ्यातली अट वाचून थोडा बसला, मग पुन्हा खुलला. "चालेल की! मजकूर तूच लिहिणार म्हणजे प्रश्नच नाही. काहीतरी छान लिही. दिलासा देणारं."

तीन दिवस मी चार ओळींशी झगडले. पुस्तिकेची चाळीस पानं एका दुपारी लिहिणारी मी. गाम्परचं नाव तीनदा घातलं आणि तीनदा खोडलं. त्याला सोडायचा म्हणून नाही. त्याच्या नावामागं मी इतकी वर्षं लपले होते, पाटीवरही लपायचं नव्हतं.

लिंडेकाम्पनं कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"हे लावता येणार नाही."

"का?"

"कंपनी यात येते, बुर्गी!"

"कंपनीचं नाव कुठंय? माझं आहे."

"पाहुणे तिथं आनंद करायला येतात! वकिलांना दाखवावं लागेल, संचालकांना—"

"दाखवा," मी म्हणाले. "जमीन तिची, भाऊ माझा, चूक माझी. यातलं तुमचं काय आहे ते मला दाखवा, मी तेवढं खोडते."

त्यानं वाचायला कागद पुन्हा उचलला. बराच वेळ वाचला. एवढ्याशा मजकुरात त्याला स्वतःचं काही सापडलं नाही.

संध्याकाळी गाम्परचा फोन आला. ऐंशीचा झालाय, अजून सगळं त्याच्या कानावर जातं. "अगं बुर्गी, जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? तो काय परत येणार आहे?"

"जागा आहे पाटीवर," मी म्हटलं. "तुमचंही नाव घालू?"

त्यानं फोन ठेवला. असं उलट त्या संध्याकाळी, तो 'नऊ लिही' म्हणाला तेव्हा बोलता आलं असतं. तेव्हा मी काय लहान होते? चांगली तेहतीसची होते. तोंडात जीभ होती.

चौकट नोव्हेंबरात उभी राहिली. पाटी सुताराकडून रंगवून मी आणि अफ्रानं लावली. ती स्क्रू पिळत होती, मी धरून होते. बोललो फारसं नाही. सीझन सुरू होताना लिंडेकाम्पनं मला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं, 'थोडा बदल' म्हणून. बातमी आता एक गोड आवाजाची मुलगी सांगते. मी तिला पहिल्याच दिवशी गाठून बजावलंय की वरून होकार आल्याशिवाय वेळ तोंडातून काढायची नाही. ती घाबरून मान हलवते. ऐकते की नाही देव जाणे. मी रोज सकाळी रेडिओ लावून बसते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वर गेले. चौकटीपुढं फोटोसाठी वीसेक जणांची रांग लागली होती. पुढचं जोडपं आत उभं राहायच्या बेतात होतं, इतक्यात बाईची नजर पाटीवर गेली. लाल जाकीट, गॉगल कपाळावर. ती नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

"'वेन्डेलिन टाश्लर, वय एकतीस. वारा पडेपर्यंत तो वर येणार नव्हता. नऊ वाजता सगळे उतार खुले, असं त्याची बहीण नोटबुर्गा हिनं कुणाला न विचारता रेडिओवर सांगितलं. तिला कुणी बोल लावू नये म्हणून तो आला. वाटसरू, त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हण.'"

ती नवऱ्याकडं वळली. "कसली बहीण म्हणायची ही! आणि स्वतःचं नाव लिहून ठेवलंय वर. जिवंत असेल का अजून?"

"आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कंपनीच्या जाकिटावर शिवलेल्या माझ्या नावाकडं पाहिलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल. सुनावावेत, असंही वाटलं. तिनं काही सुनावलं नाही. हातमोजे काढले, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणायला लागली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या…" नवऱ्यानं टोपी काढली. दुसऱ्या ओळीपासून मीही म्हणू लागले.

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "अहो, आटपा की पुढं! आम्हाला पण काढायचाय!"

मी मागं वळले.

"थांबायचं," मी म्हणाले. "होईपर्यंत थांबायचं."

ते थांबले.