दुसऱ्या कोणाची वस्तू आहे का?

माणूस ओळखायचा असेल तर त्याचे दात बघावेत आणि देश ओळखायचा असेल तर त्याची विमानतळावरची तपासणी, असं कवळीमामांचं ठाम मत होतं. या दोन्ही विषयांत नात्यागोत्यात आपला हात धरणारा कोणी नाही, हेही त्यांचं तितकंच ठाम मत होतं.

पैकी दातांचा अधिकार खरा होता. बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची दातांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे पाटीवर. आत एकच खोली, पांढऱ्या भुकटीने माखलेलं टेबल, मेण वितळवायचा दिवा आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने बसलेले गिऱ्हाइकांचे प्लॅस्टरचे जबडे. डॉक्टरांनी माप पाठवायचं आणि मामांनी कवळी घडवायची. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की मामा ओठ मागे ओढून आपले दात दाखवत. समोरचा एक किंचित तिरका, कडांना चहाचा पिवळेपणा, पण सगळे जागच्या जागी. "साठी ओलांडली," ते म्हणत, "एक हललेला नाही."

हे खोटंही नव्हतं. एकही हलत नव्हता, कारण सगळे मिळून दोनच तुकड्यांत होते. मामांची वरची-खालची कवळी त्यांची त्यांनीच बनवली होती, आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून तिरका दात तिरकाच बसवला होता. चहाचा डागसुद्धा ब्रशने दिला होता. हे गुपित फक्त मामींना ठाऊक होतं, आणि मामी ते जपून ठेवत होत्या, वेळेला उपयोगी पडावं म्हणून.

तपासणीचा अधिकार मामांनी परदेशी प्रदर्शनं हिंडून कमावला होता. कुठे कसल्या नव्या यंत्राने नकली दात घडवतात ते बघायला ते जात, आणि परत येऊन यंत्राबद्दल अवाक्षर न काढता फक्त तपासणीबद्दल बोलत. त्यात त्यांचे साडू निवृत्त होऊन परदेशातल्या मुलाकडे ये-जा करायला लागले, आणि मग घरातल्या कुठल्याही कार्यात दोघांची जुंपायची.

"आमच्याकडे बूट काढायला लावतात," साडू म्हणायचे.

"बूट तर सगळेच काढायला लावतात हो. मी गेलो होतो तिथे पट्टा काढायला लावला, वर हात डोक्यावर ठेवायला लावले. आता सांगा, विजार कशाने धरायची?"

"आमच्याकडे पाण्याची बाटली काढून घेतात आणि चार पावलांवर तीच बाटली चौपट भावाला विकतात."

"एका देशात तर मला इतकं चाचपलं, की शिंप्याने तेवढ्यात दोन कोट शिवले असते. आणि दुसऱ्या एका देशात तपासणारा माझ्याकडे न बघताच म्हणाला, जा. मला फार अपमान वाटला."

एका गोष्टीवर मात्र दोन्ही साडूंचं एकमत होतं. 'दुसऱ्या कोणाची वस्तू तुमच्याकडे आहे का?' असं कोणी विचारलं, की डोळ्याला डोळा देऊन 'नाही, सगळं माझंच आहे' म्हणायचं आणि गप्प राहायचं. खरं बोलायला गेलेला माणूस पुढच्या विमानाने जातो.

आणि नेमकी या वेळेला मामांच्या पिशवीत दुसऱ्याची वस्तू होती.

मामांची थोरली बहीण, अक्का, परदेशी मुलाकडे राहायची. गेल्या खेपेला ती आली तेव्हा तिचे उरलेसुरले दात काढावे लागले होते. तिला खुर्चीत बसवून मामांनी माप घेतलं आणि घेता घेता चार शब्द सुनावलेही. "तू हयगय केलीस, अक्का. माझ्याकडे बघ. आपण एकाच आईची मुलं." अक्काच्या तोंडात तेव्हा मापाचा लगदा होता, त्यामुळे ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने तोंडावर जो हात ठेवला तो खाली घेतलाच नाही. कवळी घडायच्या आतच तिचं परतीचं विमान होतं. तिकडे गेल्यावर मुलाने तिथल्या डॉक्टरकडून कवळी करून दिली, तर ती टोचायची. अक्काने ती फेकून दिली. फोनवर बोलायची ती चेहरा न दाखवता. हळूहळू पाहुणे आले की आतल्या खोलीत बसायला लागली.

आता तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, आणि अक्काने फोनवर सांगून टाकलं होतं, "तू दात आणलेस तर मी बाहेर येऊन बसेन. नाही तर मी आत बरी आहे. आजी आजारी आहे म्हणून सांगा." मुलाने समजावलं, सुनेने समजावलं, नातीने रडून पाहिलं. अक्का हटली नाही. अक्काच्या जुन्या मापावरून मामांनी जीव ओतून कवळी घडवली. तिचे दात तरुणपणी कसे होते ते त्यांना डोळे मिटूनही दिसत होतं. लहानपणी ते त्यांच्याच दंडावर उमटलेले होते. निळ्या डबीत कापसावर ती कवळी ठेवून त्यांनी डबी हातातल्या पिशवीत घातली. मोठ्या सामानात टाकायला ते तयार नव्हते. सामान हरवलं तर अक्का नातीच्या लग्नात दाराआड बसणार होती.

निघताना पहिल्या विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. मामा नाराज झाले. "ढिसाळ कारभार," ते मामींना म्हणाले. विमान बदलायचं होतं त्या मधल्या देशात मात्र सगळं त्यांच्या मनासारखं होतं. रांगा दोरीत आखलेल्या, फरशी आरशासारखी, आणि पट्ट्याच्या टोकाला पांढरे हातमोजे घातलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला एक साहेब. मामांनी बूट, पट्टा, घड्याळ, चष्मा इतक्या सराईतपणे ट्रेमध्ये मांडले की मागच्याने त्यांचं बघून आपला ट्रे नीट लावला. मामी कधीच पलीकडे गेल्या होत्या. त्यांच्या पिशवीतल्या विणकामाच्या सुया कोणाच्या नजरेस पडल्या नव्हत्या.

मामांची पिशवी मात्र यंत्रातून बाहेर आली ती थेट साहेबाच्या हातात.

"दुसऱ्या कोणाची वस्तू तुमच्याकडे आहे का?" साहेबाने विचारलं.

मामांनी डोळ्याला डोळा दिला. "नाही. सगळं माझंच आहे."

साहेबाने पिशवीत हात घातला, निळी डबी काढली, उघडली, आणि कापसावरचे दात त्याच्याकडे बघून हसले. साहेब हसला नाही.

"हे कोणाचे?"

"अहो, खरं सांगून टाका," मामी पलीकडून म्हणाल्या. "बहिणीचे आहेत म्हणावं."

"तू मध्ये पडू नकोस," मामा मराठीत पुटपुटले. आता बहिणीचे म्हटलं की आधीचं खोटं ठरणार होतं, आणि खोटं बोलणाऱ्याची डबी हा इस्त्रीचा माणूस पुढे जाऊ देणार नाही, हे सांगायला साडूंची गरज नव्हती. ते साहेबाकडे वळून म्हणाले, "माझे."

साहेबाने मामांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे दात होते. मग डबीत बघितलं. तिथेही होते.

"तुमचे असतील," तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "तर घालून दाखवा."

साठ देशांच्या तपासण्या कोळून प्यायलो, असं मामा सांगत. प्रत्यक्षात देश जेमतेम सहा होते, पण त्या सहांपैकी एकाही देशाने त्यांना तोंडातून काही काढायला लावलं नव्हतं. त्यांच्यामागे अख्खी रांग उभी होती. पुढे फक्त मामी होत्या, पण त्या बघत होत्या. क्षणभर त्यांच्या मनात आलं, जाऊ दे, डबी ठेवून घे म्हणावं. मग त्यांना दाराआडची अक्का दिसली.

त्यांनी पाठ फिरवली, अंगठ्याने वरची कवळी सोडवली, मग खालची, आणि गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून मिरवलेले ते दात, तिरक्यासकट, चष्म्याशेजारी ट्रेमध्ये ठेवले. रांगेत कुणीतरी "अरे बापरे" या अर्थाचं काहीतरी तिथल्या भाषेत म्हणालं. मामांनी अक्काची कवळी घातली. वरची घट्ट बसली, आईचा जबडा दोघांनाही सारखाच आला होता. खालची जरा डुगडुगत होती.

"हसा," साहेब म्हणाला.

मामा अक्काचे दात दाखवून हसले. इतकं केविलवाणं हसू त्या आरशासारख्या फरशीनेही पूर्वी बघितलं नसेल. साहेबाने मान डोलावली, पिशवी, डबी आणि ट्रे नियमाप्रमाणे पुन्हा यंत्रातून काढायला ढकलले, आणि तेवढ्यात वर भोंग्यातून त्यांच्या विमानाच्या नावाने शेवटची हाक झाली. मामांनी पाय बुटात कोंबले, पट्टा गळ्यात टाकला, चष्मा नाकावर चढवला, डबी पिशवीत कोंबून ती बगलेत मारली आणि एका हाताने विजार धरून धावत सुटले. काहीतरी राहिलंय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. वाटणार कसं? तोंड तर भरलेलं होतं.

विमान वर गेल्यावर त्यांनी अक्काची कवळी काढून पुसली, डबीत ठेवली आणि आपली घ्यायला खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पिशवीत. मामी शांतपणे विणत होत्या.

"ट्रेमध्ये राहिले," त्या म्हणाल्या.

"तू बघितलंस?"

"बघितलं असतं तर उचलले असते. तुमच्या तोंडावरून कळतंय."

उरलेला प्रवास मामांनी खिडकीकडे तोंड करून केला. ते मनातल्या मनात एक गोष्ट रचत होते. देश किती कडक, साहेब किती उर्मट, नियम किती अजब. सांगायला झकास गोष्ट होती, साडू गार पडले असते. फक्त ती सांगायला तोंड उघडावं लागणार होतं.

अक्काने दार उघडलं तेव्हा तिचा हात तोंडावर होता. मामांचा रुमाल तोंडावर होता. दोघं भावंडं उंबऱ्यात अशी समोरासमोर उभी राहिलेली बघून मामी म्हणाल्या, "आत चला, नाही तर शेजारच्यांना वाटेल, साथ आलीय."

मामांनी न बोलता डबी पुढे केली. अक्का ती घेऊन आत गेली. नळ वाहिल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा दोन्ही हात खाली होते. ती हसत होती, आणि ते तिचंच हसू होतं. सून स्वयंपाकघरातून बघायला आली आणि तिथेच डोळे पुसायला लागली.

"कुठे टोचत नाही रे," अक्का म्हणाली. "जादू आहे तुझ्या हातात. बोल की काहीतरी. दमलास का?"

मामा रुमालाआडून हुंकारले.

"सर्दी?"

"सर्दी कसली, अक्का," मामी सोफ्यावर टेकत म्हणाल्या. जपून ठेवलेल्या गुपिताची वेळ आली होती. "तुमचे दात घालून हे त्या तपासणीवाल्यासमोर हसून आलेत."

"शी!" अक्काने गालावर हात मारला. "आणि मी ते... अगं, धुतले तरी ना? पण ह्याच्या तोंडात बसले कसे? ह्याचे तर..."

ती थांबली. मामांनी रुमाल खाली घेतला. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि नेमकं तेच दिसत होतं.

"सगळे?" अक्काने विचारलं.

"सगळे."

"तो तिरका पण?"

"तो मीच केला होता," मामा म्हणाले. दातांशिवाय त्यांचा आवाज लहान मुलासारखा बोबडा येत होता. "बरीच वर्षं झाली. अक्का, त्या देशाची पद्धतच अशी विचित्र आहे, की..."

"देश राहू दे." अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "माझ्याकडे बघ म्हणाला होतास. मी बघितलं. आणि इतके दिवस मी एकटीच तोंड झाकून बसले होते?"

आपण बहिणीचे दात घडवायला निघालो होतो, ती आत बसली होती ती मात्र आपल्याच दातांमुळे, हे मामांना आत्ता, भाच्याच्या दिवाणखान्यात, पट्टा अजून गळ्यात असताना कळलं. लाजेने त्यांची मान खाली गेली.

अक्काने डबी उघडली. वरची कवळी काढली, मग खालची, दोन्ही कापसावर ठेवल्या आणि झाकण लावलं.

"अहो अक्का, हे काय?" मामी म्हणाल्या. "बसलेत ना चांगले?"

"बसलेत तर. लग्नाला घालीन." अक्का आता भावाइतकीच बोबडी बोलत होती. मग तिचं लक्ष मामांच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे गेलं, तिथून रिकाम्या तोंडाकडे गेलं, आणि तिला हसू फुटलं. हात वर गेला नाही. ती हिरड्या दाखवून, अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मामांनाही हसावंच लागलं.

"सूनबाई," तिने आत हाक मारली, "आज सगळं मऊ शिजव ग. आम्हा दोघांना."