बदकांची रांग आणि उधारीची स्मृती

रविवारी सकाळी सुनेने घरच्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची डीव्हीडी घातली. आवृत्ती अजून कच्ची होती आणि तिच्यासारख्या हौशी लोकांनी ती वापरून चुका कळवायच्या होत्या. सगळं डीव्हीडीवरूनच चालतं, कॉम्प्युटरमधल्या जुन्या सामानाला धक्का लागत नाही, म्हणून ती निर्धास्तपणे तसंच चालू ठेवून भाजी आणायला गेली.

परत आली तर सासूबाई पडद्यासमोर बसलेल्या. चौकटींच्या तक्त्यात निळी बदकं ओळीने चालली होती. सासूबाई स्वेटरचे नमुने बनवत. दुपारी लोकरीच्या दुकानाची मालकीण येणार होती. हा नमुना तिला पसंत पडला, तर थंडीच्या सगळ्या नमुन्यांचं काम सासूबाईंना मिळणार होतं.

"काय सुरेख झालंय गं आपलं मशीन! कालपर्यंत कसं कळकट वाटायचं."

"आई, हे सगळं आत्ता केलंत? यातच?"

"मग कशात? सेव्हसुद्धा केलंय. घाबरू नकोस."

सुनेने पिशवी खाली ठेवली. "आई, यात सेव्ह केलेलं कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं. बंद केला की गेलं."

"म्हणजे भाड्याच्या खोलीत भिंतीत कपाट बांधलं म्हण," सासरे पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

सुनेने पेनड्राइव्ह लावला. फाइलींची खिडकी उघडली, थरथरली आणि नाहीशी झाली. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. लोकांनी कळवलेल्या चुकांच्या यादीत आधीच नोंदलेली चूक होती ती. त्याच यादीत दुसरीही एक होती: थोडा वेळ हात लागला नाही तर मशीन झोपी जातं आणि मग उठत नाही. झोपायची सोय बंद करावी, तर ती सेटिंगची खिडकीही उघडेना.

"मी यातून कॉपी करायचा दुसरा मार्ग शोधते," तिने मोबाइल उघडला. "बाबा, तोवर माऊस हलवत राहा. काही दाबू मात्र नका."

सासरे पेपर ठेवून खुर्चीत ऐसपैस बसले. "या घरात पहिल्यांदाच काहीतरी सोपवलंय माझ्यावर."

थोड्या वेळाने तिने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली. खिडकी काहीच बोलली नाही. याचा अर्थ काम झालं होतं. तिने दोन्ही फाइलींचा आकार ताडून पाहिला. "झालं आई. दोन्ही सारख्याच. आता बंद करू?"

"खबरदार! मापात सारखे असलेले दोन स्वेटर पाहिलेत मी, एकाच्या काखेत भोक होतं. उघडून दाखव."

सुनेने पेनड्राइव्हवरची फाइल उघडली. शेवटच्या ओळीतल्या बदकांना मानाच नव्हत्या.

"माना शेवटी काढल्या मी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्यानंतर सेव्ह करायचं राहिलं वाटतं."

सुनेने घाईघाईने मागची खिडकी पुढे आणली. मूळ तक्ता अजून उघडा होता, म्हणजे माना होत्या. सासरे माऊस फिरवतच होते. तिने सेव्ह केलं, कॉपी केलं, उघडलं. माना आल्या. मग सासूबाईंनी स्वतः मान हलवली आणि तिने मशीन बंद केलं.

डीव्हीडी काढल्यावर नेहमीची जुनी व्यवस्था रडतखडत सुरू होऊन तिच्यात तक्ता उघडतो न उघडतो तोच दारावरची बेल वाजली. लोकरवाल्या बाई चष्मा लावून पडद्याजवळ वाकल्या.

"हे एक बदक रांग सोडून खाली का उतरलंय?"

सासूबाईंनी पाहिलं. मधलं एक बदक खरंच दोन घरं खाली सरकलं होतं. त्यांनी सावकाश सासऱ्यांकडे नजर वळवली.

"चुकून जरासं दाबलं गेलं असेल..." सासरे सुनेच्या कानाशी कुजबुजले.

"ते मुद्दाम आहे," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "सगळी बदकं शहाणी नसतात."

बाई हसल्या. "बरं आहे. मुलांना हेच आवडेल. घेतला हा नमुना. पुढच्या प्रत्येकात मात्र असं एक वेडं पाहिजे हं."

दार लागलं. सासूबाईंनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून सासऱ्यांपुढे केली.

"बसा. आता माशांची रांग करायचीय."