शिकारीच्या आदल्या दिवशीचा नाश्ता

अर्विड लिंडक्विस्टनं विकलेल्या रायफलीनं माझा मुलगा मारला गेला, हे आमच्या गावात कुणी नाकारत नाही. फक्त कुणी बोलत नाही. विक्री कायदेशीर होती. गिऱ्हाईक त्याच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरपाशी स्वतःशीच भांडत होतं, हे अर्विडनं नंतर हसत सांगितलं. तेही बेकायदा नव्हतं. त्या माणसानं कपडे धुण्याच्या दुकानात चौघांना मारलं. आंद्रेस ड्रायरमधून टॉवेल काढत होता.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्या हिवाळ्यात रजा काढून तसल्या रायफलींवर बंदी आणणाऱ्या विधेयकाच्या सुनावण्यांसाठी राजधानीत जात राहिले. प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू देत. माझं बोलून झाल्यावर बाहेर अर्विड भेटला. म्हणाला, "काय इंग्रिड, रडायला वेळ पुरला का?"

विधेयक मंजूर झालं. तसल्या रायफली विकायच्या नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदवून स्वतःपाशी ठेवाव्यात, पण दुसऱ्या कुणाला, अगदी घरातल्यांनाही, द्यायच्या नाहीत. देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार. गुन्हा सिद्ध झाला की जन्मभर कुठल्याच बंदुकीला हात लावता येत नाही. अर्विडला तुरुंगापेक्षा याचीच धास्ती वाटेल, हे मला ते कलम वाचतानाच कळलं होतं.

आमच्या शेरिफनं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखानं, जाहीर केलं, "हा कायदा माझ्या जिल्ह्यात चालायचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कायदा नाहीच असं धरून चालले. राज्य पोलीस शेरिफची परवानगी घेत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही सांगितलं नाही.

हरणांचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या सकाळी अग्निशमन केंद्रात गावाचा नाश्ता असतो. घरातला थोरला आपली बंदूक पुढच्या पिढीला देतो ती तिथंच, सगळ्यांसमोर. आंद्रेस गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. त्या वर्षी गेले.

"अरे वा, वकीलबाई आल्या!" अर्विड ओरडला. "पॅनकेकवर सिरप जास्त घाला रे त्यांच्या. गोड बोलतील तरी."

सगळे हसले. शेरिफही.

मग त्यानं भिंतीशी ठेवलेल्या पेटीतून रायफल काढली. तसलीच. मला वाटलं होतं, तो पुतण्याला देईल. त्यानं हाक मारली, "सिग्ने, ये गं."

सिग्ने त्याची एकुलती एक लेक, इस्पितळात नर्स. आंद्रेसच्या वर्गातली. त्या घरातून दफनाला आलेली ती एकटीच.

"बाबा, घरी द्या ना," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली. "मिसेस हॉगन बसल्यात."

"बसू देत की! इंग्रिड, तुझी काही हरकत आहे का गं?"

एका वाक्यात मी तिला थांबवू शकले असते. ती थांबलीही असती.

"नाही," मी म्हणाले.

लोकांनी कॉफीचे मग टेबलांवर वाजवले. कुणीतरी फोटो म्हणालं. मी फोन घेऊन उठले. "मी काढते. सिग्ने, दोन्ही हात बंदुकीखाली घे. अर्विड, तू सोड आता. तिच्याकडेच राहू दे."

"बघा, सुधारली ही," अर्विड म्हणाला आणि त्यानं हात काढून घेतले.

फोटो स्वच्छ आला. दोघांचे चेहरे, बंदुकीवरचा नंबर, मागे कॉफी पिणारा शेरिफ.

मी गाडीत जाऊन बसले तोच सिग्ने कोट न घालता धावत आली. मी काच खाली केली.

"मिसेस हॉगन, माफ करा. मला ती नकोच होती. पण सगळ्यांसमोर बाबांना नाही कसं म्हणणार?"

"नाही म्हणता येत," मी म्हणाले. "थंडी आहे, आत जा."

गुन्हा सिद्ध झाला की नर्सचा परवाना जाईल तिचा, हे मला माहीत होतं. फोटोतून तिला कापून टाकता आलं असतं, पण मग अर्विडनं बंदूक कुणाला दिली ते दिसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, ते कारण नव्हतंच. नुसत्या बंदुका गेल्या असत्या तर अर्विड वर्षभर चिडला असता. लेकीचं आयुष्य आपल्या हातानं मोडल्यावर त्याला रात्री झोप लागणार नव्हती.

ती दारापर्यंत पोचेतो मी थांबले. मग फोटो राज्य पोलिसांना पाठवला, न कापता, आणि गाडी सुरू केली.