एका शिटावर सुटलेली जीप

मित्रांनो, मी जीप आहे. जुनी आहे, हे मी सांगायला नको. माझा मागचा दरवाजा दोरीने बांधलेला आहे आणि डाव्या बाजूचा रंग कुठे गेला ते मलाही आठवत नाही. कोळवणची पोरं म्हणतात, हिचा हॉर्न सोडून बाकी सगळं वाजतं. हे साफ खोटं आहे. हॉर्नसुद्धा वाजतो, फक्त इंजिन गरम झाल्यावर.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी नाशिककडच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा भाताच्या रोपासारखी हिरवीगार होते. नथूने मला गावात आणलं. त्याची बायको रंभाबाई हिने माझ्या चारही चाकांना हळदकुंकू लावलं. त्यांचा मोठा मुलगा किशोर टपावर चढला आणि तीन वर्षांची साधना स्टिअरिंगला लोंबकळून तोंडाने घर्र घर्र करू लागली. नथूने तिला उचलून खाली ठेवलं, की ती पुन्हा चढायची. तिचा तो हट्ट मला पहिल्याच दिवशी आवडला.

कोळवण ते पौड हा माझा रस्ता. पौड हे आमच्या मुळशी तालुक्याचं गाव. दवाखाना, कचेरी, बाजार, सगळं तिथे. एसटी घड्याळावर सुटते. आम्हा वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचं तसं नसतं. अकरा शीट भरली की सुटायचं, ही आमची रीत. शीट म्हणजे माणूस. पुढे तीन, मधे चार, मागे चार, आणि नथू दाराबाहेर अर्धा लटकून गाडी चालवणार. पुढची सत्तावीस वर्षं नथूने मला दहा शिटांवर कधी सोडली नाही. पुढच्या जागेचा मान साळूबाईचा असे, कारण तिच्या मांडीवर भाजीची पाटी असायची आणि तोंडात सगळ्या गावची खबर.

आता तुम्हाला वाटेल, अकरा माणसं जमायला असा किती वेळ लागतो? अहो, आठ बसली की त्यातला एकजण कंटाळून चहाला उतरतो. त्याला हाक मारून आणावं तर तोवर दोघं कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघून जातात. पुन्हा सहा. कधीकधी तासभर मी नुसतीच धूर काढत उभी असायचे आणि आत बसलेली माणसं घामाघूम व्हायची. पण "निघा आता" असं मोठ्याने कुणी म्हणत नसे. सगळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत.

माझे चांगले दिवसही होते. मी वऱ्हाडं नेली, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या, दहावीची अख्खी तुकडी परीक्षेला नेली. लोक बोनेटवर थाप मारून शाबासकी देत. मग घरोघरी दुचाकी आल्या. शहरातल्या लोकांनी खोऱ्यात फार्महाऊस बांधली आणि त्यांच्या काळ्या काचांच्या गाड्या मला कट मारून जाऊ लागल्या. माझ्या फेऱ्या सहावरून दोनवर आल्या. दुपारी मी नथूच्या अंगणात उभी असते आणि कोंबड्या माझ्या सावलीत माती उकरतात. सुरुवातीला फार अपमान वाटायचा. आता त्यांची सवय झाली आहे.

अंगणात उभं राहण्याचा एक फायदा झाला. नथूच्या घरात फोनला रेंज नाही. ती येते ती मी उभी असते तिथे, आणि तीही माझ्या मधल्या सीटवर बसलं तरच. त्यामुळे घरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं माझ्या पोटात झालेलं आहे.

तिथेच मला कळलं, की आमची साधना जर्मनीला जायचं म्हणते आहे.

साधना नर्स झाली होती. बावधनच्या एका खासगी दवाखान्यात आठ वर्षं नोकरी केली. एका पाळीत तीस रुग्ण, बसायला वेळ नाही. वर मोठ्या डॉक्टरांनी सर्वांसमोर फाईल अंगावर फेकली, तरी चूप बसायचं. तिची मैत्रीण दिशा तिच्याआधी जर्मनीला गेली आणि तिथल्या दवाखान्यात कामाला लागली. दिशा तिला सांगायची, इथे आपलं मत विचारतात गं, आणि ऐकतातसुद्धा. मग साधनाने जर्मन भाषा शिकायला घेतली. पौडपर्यंत ती वही मांडीवर घेऊन पुटपुटत बसायची. शेजारी साळूबाई विचारायची, हा कुठल्या देवाचा जप? साधना हसायची आणि पुढचा शब्द पाठ करायची. मला मात्र ते शब्द भारी वाटायचे. एकेक शब्द माझ्या टपापेक्षा लांब.

शेवटची एक परीक्षा उरली होती. ती पास झाली की तिकडच्या दवाखान्याचं पत्र पक्कं. पण जायचं की नाही, हे मात्र साधनाचं ठरत नव्हतं. आईचे गुडघे दुखतात, आबांच्या, म्हणजे नथूच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, आणि वय तिशीचं, लग्न राहिलेलं. म्हणून ती सगळ्यांना विचारत सुटली. किशोरला विचारलं. तो माण गावात एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे आणि तिथेच एका शेतकऱ्याच्या चाळीत भाड्याने राहतो. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. भैरूकाका आधी हो म्हणाले; किशोर नाराज आहे असं कळल्यावर म्हणाले, मामाला विचारा. मामा म्हणाले, काकांचं काय मत आहे? असे सहा महिने गेले. एक बसला की दुसरा उतरायचा. हा खेळ माझ्या ओळखीचा होता, म्हणून मला जास्तच चीड येत होती.

नोव्हेंबरात परीक्षेचा दिवस उजाडला. पुण्यात नऊला हजर राहायचं होतं. आमच्या गावात रात्री मुक्कामाला एसटी येते, ती सकाळी सहाला सुटते. साधनाने ती धरली नाही. साडेसहाला ती माझ्या मधल्या सीटवर येऊन बसली. परीक्षा आज आहे हे नथूला ठाऊक होतं, पण ती किती वाजता, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कापणीचे दिवस, सगळी माणसं भातखाचरात. सात वाजले तरी सहाच शीट. नथू रस्त्यावर उभा राहून "पौड, पौड" ओरडत होता. साधना घड्याळ बघत होती आणि गप्प होती. साडेसातला अकरावं माणूस आलं आणि मी सुटले. तिची परीक्षा चुकली हे मला चाकं फिरायच्या आधीच कळलं होतं.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यात येऊन बसली आणि तिने दिशाला फोन लावला. त्या वेळी नथू माझ्या पोटाखाली उताणा पडून स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळत होता. हे तिला दिसलं नाही.

"परीक्षेच्या ठिकाणचं फाटक बंद झालं होतं गं," ती म्हणाली. "आबांचा दोष न्हाई. एसटी सहाला होती, मी पाचपासनं जागी होते. मुद्दाम जीपमधे बसले. म्हटलं, गाडीच उशिरा सुटली तर माझ्यावर काही येणार न्हाई. मला ठरवायचं नव्हतं, दिशा. मी घाबरले."

मग ती रडली. मी जुनं लोखंड, मला कुणाला जवळ घेता येत नाही. नथूचा पाना मात्र थांबला होता. ती उठून आत जाईपर्यंत तो तसाच माझ्याखाली पडून राहिला. तेलाचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला, तोही त्याने पुसला नाही. 

साधना त्या दिवसापासून बदलली. रडून झाल्यावर माणसाचा चेहरा धुतल्यासारखा होतो, तसा तिचा झाला होता. तिने जानेवारीची तारीख घेतली. मग एका रविवारी किशोर आला असताना तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि माझ्या बोनेटला टेकून उभी राहिली.

"सहा महिने मी विचारत होते," ती म्हणाली. "आज विचारत न्हाई, सांगतेय. वीस तारखेला परीक्षा हाय. पास झाले तर मी जाणार."

किशोर भडकला. आईला कोण बघणार, लोक काय म्हणतील, तिथे आजारी पडलीस तर पाणी कोण देईल. तो बोलत होता त्यातलं सगळंच चूक नव्हतं. साधनाने ऐकून घेतलं. आईच्या गुडघ्यांचं औषध, आबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख, तिने सगळं ठरवून आणलं होतं आणि ऑपरेशनच्या दिवशी किशोरने यावं असं तिने त्याला तोंडावर सांगितलं.  किशोर चहाही न घेता माणला परत गेला. रंभाबाई उंबऱ्यात बसून गुडघा चोळत होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझ्या गुडघ्याला पोरीच्या पायातली बेडी करू नका.

वीस तारखेला पहाटे पाचला साधना एसटीला निघाली, तर नथू माझं बोनेट उघडून उभा होता. थंडीत मी लवकर सुरू होत नाही. त्याने रेडिएटरमध्ये कोमट पाणी ओतलं आणि मला दोनदा शिव्या दिल्या, तेव्हा कुठे मी धुगधुगले.

"बस," तो म्हणाला.

साधना म्हणाली, नको, मी एसटीने जाते, तुमची शीट भरायला वेळ लागेल.

"गाडीखाली व्हतो मी तवा," नथू म्हणाला. "समदं ऐकलं. अकराव्या शिटाची वाट बघितली ती माझी चूक. पोटची पोर मधी बसलीया, तिला किती वाजता पोचायचंय एवढं इचारलं न्हाई. पन निघा म्हनायचं काम तुझं व्हतं. म्हन आता."

साधना पुढच्या सीटवर, साळूबाईच्या जागी, चढून बसली. दार ओढून घेतलं.

"निघा, आबा," ती म्हणाली.

मित्रांनो, सत्तावीस वर्षांत मी प्रथमच एका शिटावर सुटले. इतकी हलकी मी कधीच नव्हते. खड्ड्यांतून नुसती उडत होते. कोळवणच्या थांब्यावर माणसं हात करून उभी होती. साळूबाई पाटी घेऊन अगदी रस्त्यात आली. नथूने हॉर्न दिला आणि तो पहिल्याच दाबाला वाजला. आम्ही थांबलो नाही. साळूबाई नंतर आठ दिवस नथूशी बोलली नाही, आणि माझ्याशीही फटकून वागली. पौडला उतरवून तो परत फिरेल असं मला वाटलं होतं, तर त्याने मला सरळ पुढे हाणली. पिरंगुट गेलं, भूगाव गेलं. चांदणी चौकातल्या पुलांच्या जाळ्यात नथू गोंधळला आणि आम्ही एक चक्कर मारून पुन्हा होतो तिथेच आलो. साधना घाबरली नाही. तिने फोनवर रस्ता बघून डावीकडे, उजवीकडे सांगितलं आणि नथूने मुकाट ऐकलं. फाटक उघडायच्या आधी आम्ही तिथे होतो. माझ्या बोनेटमधून वाफ येत होती, पण मी बंद पडले नाही, हे तुम्ही लिहून ठेवा.

ती पास झाली. जूनमध्ये गेली. विमानतळावर न्यायला मी नव्हते. एवढ्या लांबचा माझा भरवसा राहिला नाही. जाताना तिने माझ्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि खाली उतरली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तरी तिने थांबावं असं मला एकदाही वाटलं नाही.

आता ती दर रविवारी फोन करते. नथू आणि रंभाबाई माझ्या मधल्या सीटवर बसून तिचा चेहरा बघतात. पहिल्या थंडीत ती फार एकटी पडली होती, तेही तिने इथेच सांगितलं, लपवलं नाही. नथूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. किशोर आला होता. अजून बहिणीशी नीट बोलत नाही, पण आला होता. आणि दर फोनच्या शेवटी साधना सांगते, आबा, गाडी सुरू करा, ऐकू दे. मग नथू मला सुरू करतो आणि मी तिला जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात ऐकवते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखं एखादं जुनं वाहन असेल, तर त्याला नुसतं उभं करून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी सुरू करा, पाणी बघा, टायरमध्ये हवा भरा. उभ्या गाडीची बॅटरी कुणालाही न सांगता उतरते, आणि मग निघायच्या दिवशी ती ढकलायला माणसं शोधावी लागतात. आणि कधी तुम्हाला लांब जायचं असेल, तर घरच्यांची सोय लावा, मोठ्यांचं ऐकून घ्या. पण अकरा जणांनी एकदम हो म्हणायची वाट बघू नका. अकरा माणसं एकदम कधी बसत नाहीत. माझ्याइतकी त्यांची वाट कुणी पाहिलेली नाही.

कालचीच गोष्ट सांगते. रंभाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, गुडघ्याला पट्टा बांधला आणि सकाळी सातला माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली. पासपोर्टचे फोटो काढायला पौडला जायचं होतं. लेक कुठे राहते, कसं काम करते, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. नथूने किल्ली लावली आणि जुन्या सवयीने रस्त्याकडे मान वळवली. वरच्या वाडीकडून कुणीतरी येताना दिसत होतं.

रंभाबाईने पदर खोचला आणि समोर बघत म्हणाली, "आता कुनाची वाट बगताय? निघा."