हळद कुणाच्या गाली

गाणी फुकट वाटल्यानं कलाकाराचं नुकसान होतं की नाही, यावर मोठमोठी माणसं टीव्हीवर भांडतात. त्यांनी एकदा भोर तालुक्यातल्या हिर्डोशीला येऊन माझ्या फुलाबाई आत्याच्या ओट्यावर बसावं. ऐन लगीनसराईत ती घरी नाचणी पाखडत होती. एरवी किकवीपर्यंतच्या हळदींना गायला तीच लागायची. आतोबा गेल्यापासून ती मांडवाच्या कडेला बसते, हळदीची वाटी आली की न लावता पुढं सरकवते, पण गाणं तिचंच. यंदा मात्र तिला कुणी बोलावत नव्हतं, कारण तिचं गाणं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होतं.

मीच हौसेनं तिला पुण्याच्या स्टुडिओत नेलं होतं. गाणी रेकॉर्ड केली, पेन ड्राईव्ह काढले, वर तिचा फोटो लावला. टेम्पोवाले, ट्रॅक्टरवाले घेतील असं मला वाटलं. पहिलाच पेन ड्राईव्ह भोरच्या रफीकभाईंच्या मोबाईलच्या दुकानात गेला आणि तिथून गाणं व्हॉट्सॲपवर सुटलं ते सुटलंच. बाकीचे माझ्या कपाटात आहेत. हवे असतील तर सांगा.

तरी खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा होता. आत्याच्या हळदीच्या गाण्यात एक जागा मोकळी असते. ‘पिवळं पिवळं अंगण झालं, हळद कुणाच्या गाली?’ असं विचारायचं, ढोलकी नुसती वाजू द्यायची आणि तिथं नवरदेवाचं नाव घालायचं. स्टुडिओत नवरदेव कुठून आणणार? म्हणून आत्यानं ती जागा तशीच सोडली. रफीकभाईंना वाटलं, ही जाहिरातीसाठीच ठेवलीय. त्यांनी तिथं आपला खणखणीत आवाज बसवला: ‘रफीक मोबाईल, एसटी स्टँडसमोर, भोर!’

झालं. गावोगाव स्पीकर लागायचा, ‘हळद कुणाच्या गाली?’ आलं की अख्खा मांडव ओरडायचा, ‘रफीक मोबाईल!’ किकवीला एका नवरदेवाच्या मावशीनं म्हणे विचारलं, हा रफीक कोण आणि आमच्या शौनकची हळद त्याला का.

मी आत्याला एसटीत घालून भोरला आणलं. वाटभर तिला कायदा समजावला. ती खिडकीबाहेर बघत होती.

“रफीकभाई, ही चोरी आहे,” मी दुकानात शिरताच म्हणालो.

“चोरी कशी? गाणं घराघरात पोचवलं म्या. तुमचा तो पेन ड्राईव्ह कुठंपातुर जाणार व्हता?”

मी आवाज चढवला. आत्यानं मला हातानं गप्प केलं.

“घरोघरी माजा आवाज हाय, आन् मी घरी,” ती म्हणाली. “कुणी बोलवत न्हाई, रफीकभाई. मांडवात बसून गायल्याबिगर मला करमत न्हाई.”

रफीकभाईंचा चेहरा उतरला. “मला वाटलं ती जागा रिकामी हाय, आक्का.”

“रिकामी न्हाई. नवरदेवाची हाय ती.”

त्यांनी कान पकडले आणि तिथल्या तिथं नवीन आवाज भरला: ‘नाव घालून गाणाऱ्या फुलाबाई, हिर्डोशी!’ व्हॉट्सॲपवर गाण्याखाली तिचा नंबर टाकला. आत्याचं नाव सुरुवातीला घाला, नवरदेवाची जागा मोकळी करा, असं मी घसा फोडून सांगत होतो.

“सुरवात कोण ऐकतंय?” ते म्हणाले. “लोक जितं वरडत्यात तितंच नाव पायजे.”

म्हणजे चूक तीच, फक्त माणूस बदलला. मी चरफडत परतलो. पण ते गाणंही त्याच वाटेनं गावोगाव गेलं आणि आत्याचा फोन वाजायला लागला. नवरदेवाचं नाव घालून गाणाऱ्या त्या तुम्हीच का, असं लोक विचारायचे. नाचणी पाखडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

उन्हाळा सरता सरता रफीकभाईंच्या मुलाचं, रियाजचं लग्न निघालं. हळदीचं बोलावणं त्यांच्या बायकोनं, खुर्शिदाभाभींनी, स्वतः दिलं. आत्या नेहमीसारखी कडेला बसली. आवाज लावला. ‘पिवळं पिवळं अंगण झालं, हळद कुणाच्या गाली?’

ती ‘रियाजच्या’ म्हणणार, तेवढ्यात सवयीनं अख्खा मांडव गरजला, “फुलाबाई, हिर्डोशी!”

लोक पोट धरून हसले. खुर्शिदाभाभी हळदीची वाटी घेऊन उठल्या आणि थेट आत्यापुढं बसल्या. आत्यानं पदर ओढून तोंड मागं घेतलं.

“आगं, मला न्हाई चालत.”

“समदा मांडव सांगतोय, आक्का. गाण्यातबी हाय,” भाभी म्हणाल्या आणि दोन्ही गालांना हळद फासली.

ढोलकी वाजत राहिली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही आलं, लपवत नाही. मग तिनं त्याच वाटीत हात घातला आणि शेजारी उभ्या रफीकभाईंच्या तोंडाला हळद फासली.

“ह्यो तालुक्याचा जुना नवरदेव,” ती म्हणाली. “आता पोराचं नाव घेऊ द्या.”

आणि तिनं त्या जागेवर रियाजचं नाव असं घातलं की ढोलकीवाला बघत राहिला.

फुकट वाटणं ही चोरीच, हे माझं मत आजही कायम आहे. आत्याच्या पिवळ्या गालांचा व्हिडिओ मात्र मी सगळ्या ग्रुपवर टाकलाय. कुणी पुढं पाठवला तर माझी काही हरकत नाही.